पाणी कुठं जातं

हेल्वे पाण्याचे मीटर वाचते.
हाप्सालूच्या जुन्या गल्ल्यांतून, खांद्याला पिशवी, हातात विजेरी,
लोकांच्या तळघरांत उतरते, आकडा उतरवून घेते, वर येते.
एकोणीस वर्षं हेच.
म्हणून तिनं एक गाव रचायला घेतलं
तेव्हा आधी चर्च नाही, चौक नाही, नायिकासुद्धा नाही,
गटारं काढली.

मी तिचा नवरा. फेरीबोटीच्या इंजिनाशी असतो,
चार दिवस पाण्यावर, तीन दिवस घरी.
त्या तीन दिवसांत मला कळायचं सोल्मेत काय काय घडलं.
मिठाचा भाव चढला. पाववाल्याच्या विधवेनं भट्टी गहाण टाकली.
पूल अजून लाकडीच आहे, कारण लोखंड आणायला रस्ता नाही,
आणि रस्ता नाही, कारण हेल्वेचं अजून ठरत नाही
टेकडीमागं नेमकं काय आहे.

"काहीही ठेव," मी म्हणालो. "तुझंच तर गाव."
तिनं माझ्याकडं असं पाहिलं,
जणू मी म्हणालो, मीटर न बघताच आकडा टाक.

बटाटे सोलताना प्रश्न यायचे:
मेलेलं घोडं गावाबाहेर कोण ओढून नेतं? किती घेतं?
मांजराला बोलावताना काय आवाज काढतात तिथं?
शपथ कशाची?
मला काय ठाऊक. मी डिझेलवाला माणूस.
पण एका रात्री, बोट बर्फ फोडत चाललेली असताना,
माझं मीच ठरवलं: घोडं ओढणारा डावखुरा असावा.
घरी येऊन सांगितलं. तिनं लिहिलं.
मग खोडलं.
आठवड्यानं पुन्हा लिहिलं.

असं अकरावं वर्ष. सात प्रकाशकांनी उत्तर दिलं नाही,
आठव्यानं दिलं, तार्तूहून,
सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतून.
संपादकीणबाई लेलो कांगुर यांनी लिहिलं होतं:
सगळं आवडलं. पण दोनशे चौदाव्या पानावर
कुठंतरी पाणी मुरतंय.

हेल्वे पांढरीफटक पडली.
खालच्या आळीत पूर आला होता, लग्न दुसऱ्याच दिवशी होतं,
म्हणून तिनं ते सगळं पाणी एका रात्रीत ओसरवून टाकलं होतं.
तिनं! जिला तळघराचा वास घेऊन
किती दिवसांची ओल आहे ते सांगता येतं.

तिनं हिशेब मांडला. माती, उतार, गटाराची रुंदी.
नऊ दिवस.
लग्न नऊ दिवस पुढं गेलं,
आणि नऊ दिवस चिखलात ताटकळून
नवरदेवाचं मन फिरलं.
हे तिनं ठरवलं नव्हतं.
तिनं फक्त पाणी ठरवलं होतं.
शेवटची एकशेतीस पानं फेकावी लागली.
त्या हिवाळ्यात ती माझ्याशी कमी बोलली, त्या मुलीशी जास्त.

पुस्तक आलं. चारशे प्रती. मुखपृष्ठावरचा पूल
दगडी काढलाय चित्रकारानं, त्याबद्दल घरात बोलायचं नाही.

वाचनालयात वीस खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं सात,
त्यात एक मी, एक माझी बहीण.
हेल्वेनं फार भरभर वाचलं.
मग शेवटच्या रांगेतले आजोबा उठले,
टोपी हातात चुरगाळत, जरा घुश्श्यातच:
"टेकडीपलीकडं काय आहे ते लिहिलं नाहीत."
"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तिकडं रस्ता नाही."
"आता नाही," ते म्हणाले. "आमच्या लहानपणी होता."

कोणी हसलं नाही.
हेल्वेनं पिशवीतून पेन्सिल काढली
आणि वही गुडघ्यावर घेऊन विचारलं,
"किती रुंद?"